खळ्यावरचा वारा

मुतलकच्या टेकडीवर वारा कधी येतो हे त्याच्या घराण्यात पाच पिढ्यांना पाठ होतं. उन्हाळ्यात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज झाली की पश्चिमेकडून पहिली झुळूक यायची, ऊन कललं की तिला जोर चढायचा, आणि रात्रीच्या इशाच्या नमाजेपर्यंत ती हटायची नाही. टेकडीच्या अगदी माथ्यावर दगड बसवलेलं गोल खळं होतं. मळलेला मसूर लाकडी दाताळ्याने त्या वाऱ्यात उडवला की भुसा उताराकडे निघून जायचा आणि दाणा पायाशी पडायचा. तफिला शहराच्या आसपास आता बहुतेकांची मळणी यंत्रावर होत होती. मुतलकच्या उतारावरच्या चिंचोळ्या पट्ट्यांवर यंत्र चढत नव्हतं, आणि चढलं असतं तरी त्याने ते खळ्याला लागू दिलं नसतं.

घोडं अडलं होतं ते याच खळ्यावर. आजूबाजूच्या टेकड्यांवर कंपनीच्या सत्तावीस पवनचक्क्या उभ्या राहून फिरायलाही लागल्या होत्या. अठ्ठाविसावीची जागा तेवढी रिकामी होती, कारण कंपनीला ती खळ्यावर हवी होती. कंपनीचा इंजिनिअर रमझी अम्मानहून आलेला, सडपातळ, नम्र माणूस. तो दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मुतलकने त्याला कॉफी पाजली, खजूर पुढे केले आणि नाही म्हणून सांगितलं.

"त्या जागेसारखा वारा अख्ख्या रांगेत नाही, अबू सनद," रमझी दुसऱ्या वेळी म्हणाला.

"म्हणून तर माझ्या आजोबांच्या आजोबांनी तिथे खळं केलं," मुतलक म्हणाला. "आमचा नंबर आधी लागलाय. तुम्ही रांगेत मागे उभे राहा."

रमझी हसला आणि गेला. दोन वर्षं अशीच गेली. मुतलकला वाटलं, विषय मिटला.

तसा तो हट्टी म्हणून गावात प्रसिद्धच होता, पण त्याला एक गोष्ट आतून पोखरत होती, आणि ती खळ्याची नव्हती. थोरला मुलगा सनद, ज्याच्या नावावरून लोक त्याला अबू सनद म्हणत, फौजेत होता, तिकडे झरकाला. बायको आठ वर्षांपूर्वी गेली. घरात तो आणि त्याची मुलगी नौफा, दोघंच. नौफा एकोणतीस वर्षांची. तफिलाच्या विद्यापीठात विजेचं इंजिनिअरिंग शिकून घरी बसलेली, गावातल्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. तिच्यासाठी मागण्या आल्या होत्या दोन. पहिली मुतलकने परत पाठवली, कारण पोर अजून शिकत होती. दुसरी आली तेव्हा बायको अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून तीही परत गेली. तिसरी आलीच नाही. आपल्यामागे या मुलीचं कसं होणार, हा विचार त्याला जेवतानाही सोडत नव्हता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, नौफाला तर नाहीच.

म्हणून त्या बुधवारी त्याची बहीण फिद्दा भिंतीवरून डोकावून बोलायला लागली तेव्हा त्याने बकऱ्यांना पाणी पाजायचं थांबवून कान दिला.

"तो अम्मानवाला आपल्या फाटकाशी तीनदा थांबला," फिद्दा म्हणाली. "नौफाने पाणी दिलं त्याला. चांगली वीस मिनिटं बोलत उभी होती. आणि परवा त्याने तिला कागद दिले."

"कसले कागद?"

"मला वाचता येतं का? पण उगाच कोणी बाईमाणसाला एवढे कागद देत नाही. आणि ऐक, अबू गालिब शुक्रवारी सात माणसं घेऊन तुझ्याकडे येतोय. खलफच्या दुकानात ठरलं म्हणे. तो अम्मानवालाही सोबत आहे."

मुतलकच्या हातातली बादली कलली आणि पाणी चपलेवर सांडलं. "जाहा घेऊन? मागणी घालायला?"

"मग काय टोमॅटो घ्यायला? सात माणसं आणि अबू गालिब. आता तूच काय ते समज. नौफाला विचारू का मी?"

"नको," मुतलक म्हणाला. "लाजेल ती."

फिद्दालाही ते पटलं. दोघं वय वाढलेली, शहाणी माणसं, पण त्या तीन दिवसांत एकालाही वाटलं नाही की घरातल्या घरात आपण ज्या मुलीबद्दल बोलतोय तिला एक शब्द विचारावा. मुतलकने मेंढा कापला. जमीदचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खडे भिजत घातले. अम्मानचा माणूस म्हणजे पोर लांब जाणार, या विचाराने त्याला दोनदा रडू आलं आणि दोन्ही वेळा त्याने कांद्याला दोष दिला.

शुक्रवारी जुम्माची नमाज आटोपून पाहुणे आले. अबू गालिब पुढे, सत्तरीचा, काठी टेकत. गावची भांडणं मिटवणं, रुसलेल्यांना घरी आणणं, मुली मागणं ही सगळी कामं त्याचीच. त्याच्यामागे सहा वडीलधारी आणि शेवटी रमझी, कोट घालून. बैठकीत सगळे भिंतीला टेकून बसले. मुतलकने स्वतः किटलीतून पहिला पेला भरून अबू गालिबला दिला. अबू गालिबने तो ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. जाहाची रीतच अशी. मागणं मान्य होईपर्यंत पुढाऱ्याने पेला शिवायचा नाही, आणि त्याने शिवला नाही तर बाकीच्यांनीही नाही. घरमालकाने "कॉफी घ्या" म्हटलं की मागणं पुरं झालं. दिलदार माणूस तर मागणं काय हे ऐकायच्याही आधी म्हणून टाकतो, आणि मग लोक वर्षानुवर्षं त्याचं नाव काढतात.

अबू गालिबने घसा खाकरला. त्याचं भाषण अर्ध्या तासाचं असायचं. त्यात आधी मुतलकच्या बापाची स्तुती, मग आजोबांची, मग दुष्काळातल्या एका विहिरीची गोष्ट, असं करत करत तो मुद्द्यावर यायचा.

"अबू सनद," त्याने सुरुवात केली, "आम्ही तुझ्या दारात एक मागणं घेऊन आलोय. तुझे वडील, अल्लाह त्यांच्यावर रहम करो—"

मुतलकला धीर धरवेना. अकरा वर्षांत दोनच वेळा हा पेला त्याच्या घरात असा जमिनीवर ठेवला गेला होता, आणि दोन्ही वेळा तो तसाच गार झाला होता. या खेपेला तो गार होऊ द्यायचा नव्हता.

"कॉफी घ्या, अबू गालिब," तो म्हणाला. "ज्यासाठी आलात ते तुमचं झालं."

अबू गालिबचं तोंड उघडंच राहिलं. विहिरीपर्यंतही त्याला पोचता आलं नव्हतं. मग त्याने पेला उचलला, पिऊन टाकला, आणि उठून मुतलकच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"अल्लाह तुझ्या घरात बरकत देवो. मी या सगळ्यांना सांगत होतो, मुतलक हट्टी आहे, पण माणूस मोठा आहे. दोन वर्षं नाही म्हणाला, आणि आज दारात आलो तर खळं एका शब्दात देऊन टाकलं."

मुतलकच्या चेहऱ्यावर हसू होतं ते तसंच राहिलं. त्याला ते काढता येईना. रमझी पुढे येऊन त्याचा हात दोन्ही हातांनी दाबत आभार मानत होता. बाकीचे पेले भरले जात होते. परत घ्यायची सोय नव्हती. दिलेला शब्द परत घेतलेला माणूस त्या भागात कोणी पाहिला नव्हता. एकाबद्दल ऐकलं होतं, पण तो तोंड लपवून अकाबाला निघून गेला आणि त्याचे नातूसुद्धा इकडे फिरकले नाहीत.

मन्सफचं, भात आणि मांसाचं मोठं ताट आलं. मुतलकने पाहुण्यांपुढे मांसाचे चांगले चांगले तुकडे सरकवले आणि स्वतः भाताचा एक गोळा हातात घेऊन बराच वेळ वळत बसला. जेवताना रमझीने खिशातून फोन काढून आपल्या जुळ्या मुलींचा फोटो दाखवला. चार वर्षांच्या होत्या, आईसारख्या कुरळ्या केसांच्या.

"अल्लाह राखो," मुतलक म्हणाला. आणखी काय म्हणणार?

पाहुणे उठले तेव्हा ठरलं की सोमवारी दुपारी कंपनीच्या कचेरीत सही करायची. त्यांच्या गाड्या उतारावरून खाली गेल्या तरी मुतलक फाटकात उभा होता. मग तो आत आला. स्वयंपाकघरात नौफा मोठ्या परातीतला उरलेला भात डब्यात भरत होती. पाहुण्यांच्या बैठकीला आणि स्वयंपाकघराला मध्ये एकच भिंत आणि पडदा. सगळं ऐकू जायचं.

"बाबा," तिने वर न बघता विचारलं, "तुम्हाला काय वाटलं होतं, ते काय मागायला आलेत?"

मुतलकने दाराची चौकट धरली. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"आत्याला विचारलं मी आत्ताच," नौफा म्हणाली. "तिने सांगितलं."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे मला." तिने डब्याचं झाकण लावलं. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच मुतलकला भय वाटलं. "ते कागद वाऱ्याच्या मोजणीचे होते. शेजारच्या शेतात त्यांनी वर्षभर खांब लावला होता ना, त्याचे. मी मागितले होते. पाहायचे होते मला. आणि तो माणूस लग्न झालेला आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

"चुकलं."

"खळ्यासाठी तुम्ही दोन वर्षं नाही म्हणालात, बाबा. माझ्यासाठी अबू गालिबचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाहीत. कोण मुलगा, कुठला, काय करतो, काही नाही. घ्या म्हणालात."

मुतलक दाराच्या चौकटीला धरून उभा होता. नौफाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला तिचे हात तुपाने माखलेले होते म्हणून ती दंडाने डोळे पुसत होती. त्याला तिच्याजवळ जावंसं वाटलं आणि गेलेलं तिला आवडेल की नाही ते कळेना. तो तसाच मागे वळला, बाहेर पडला आणि टेकडी चढून खळ्यावर गेला.

असर होऊन गेली होती. वारा आला होता, नेहमीसारखा, वेळेवर. मसुराची रास कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली होती, अजून उपणायची होती. मुतलक दगडावर बसला. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या आणि त्यांचा सूं सूं आवाज वाऱ्याबरोबर येत जात होता. खळं गेलं याचं दुःख करायला तो आला होता, पण त्याच्या मनात खळं टिकतच नव्हतं. पोर म्हणाली ते खरं होतं. इतकं खरं होतं की त्याला आपलीच लाज वाटली. एका गोल दगडी जागेसाठी तो इंजिनिअरशी दोन वर्षं भांडला, आणि जिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता तिला त्याने चहाच्या पुड्यासारखं उचलून देऊन टाकलं होतं. ती वाचली ती केवळ त्यांना ती नको होती म्हणून.

दिवस मावळायच्या आत तो खाली उतरला. नौफा अंगणात परात उन्हाकडे उपडी घालत होती.

"सोमवारी सही आहे," तो म्हणाला. "तुझं काय म्हणणं आहे?"

नौफाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो चुकून दुसऱ्याच घरात शिरलाय. "कशाबद्दल?"

"खळ्याबद्दल. द्यायचं की नाही?"

"शब्द दिलात ना तुम्ही."

"मी दिला. तू कुठे दिलास? तू नाही म्हणालीस तर नाही."

"लोक काय म्हणतील माहीत आहे ना तुम्हाला?"

"पासष्ट वर्षं याच गावात राहतोय," मुतलक म्हणाला. "सगळं माहीत आहे."

नौफाने परात नीट सरकवली. मग म्हणाली, "मला विचार करायला वेळ हवा. सोमवारी सकाळी सांगते."

"सांग."

लोकांनी काय म्हणायचं ते शनिवारी दुपारपर्यंत म्हणायला सुरुवात केली. बातमी फिद्दाकडून फुटली असावी, कारण तिच्याकडून फुटली नाही अशी बातमी गावात नव्हती. मुतलक साखर आणायला गेला तेव्हा त्याचा चुलतभाऊ खलफ दुकानाच्या पायरीवर बसलेल्या चौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय अबू सनद, ऐकतोय ते खरं? शब्द तुझा आणि किल्ली पोरीकडे?"

"दोन किलो दे," मुतलक म्हणाला.

"विचारून ये आधी तिला, दोन की तीन."

चौघे हसले. मुतलकने साखर घेतली आणि घरी आला. रविवारी अबू गालिबचा फोन आला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "माझं नाक कापू नकोस रे. सात माणसांनी तुझी कॉफी प्यायलीय."

"सोमवारी सांगतो, अबू गालिब."

"सांगायचं काय राहिलंय त्यात?"

"नौफाचं उत्तर," मुतलक म्हणाला, आणि अबू गालिबने तेच वाक्य त्याच्याकडून आणखी दोनदा वदवून घेतलं.

ते दोन दिवस नौफा संध्याकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन खळ्यावर जायची. उडू नयेत म्हणून कागदांवर दगड ठेवायची. मुतलक खालून बघायचा. वर जाऊन विचारावं असं त्याला दहादा वाटलं, पण तो गेला नाही. आयुष्यात त्याने इतकी कळ कधी काढली नव्हती. ती नाही म्हणेल असंच त्याला वाटत होतं. तिची आई मसूर उपणायला तिथे उभी राहायची आणि पाच वर्षांची नौफा भुशात लोळायची. ते खळं जितकं त्याचं तितकंच तिचं होतं. शिवाय त्याच्यावरचा राग होताच, आणि तो रास्त होता. ती नाही म्हणाली तर अबू गालिबच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर शब्द परत मागायचा, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

सोमवारी पहाटेची फज्रची नमाज झाल्यावर त्याने दाढी नीट केली, पांढरा कोरा सदरा घातला आणि ईदला घालायचा तपकिरी झगा अंगावर घेतला. मग अंगणात नौफाच्या हाताच्या चहाची वाट बघत बसला. जून महिना, सकाळीच ऊन तापलेलं, आणि झग्यात त्याला घाम फुटला होता.

नौफा चहा, जैतून आणि पाव घेऊन आली. गठ्ठाही होता. तिने एक कागद त्याच्यासमोर पसरला. त्यावर डोंगरासारखी एक रेघ होती.

"ही वाऱ्याची रेघ, उन्हाळ्यातली," ती म्हणाली. "दुपारपर्यंत खाली. इथे, असरला, वर जायला लागते. इथे सगळ्यात उंच. इथे इशा, मग उतरते."

मुतलकने रेघ पाहिली. "हे शोधायला त्यांनी वर्षभर खांब रोवला?"

"हो."

"मला विचारलं असतं तर एका कॉफीत सांगितलं असतं."

नौफाला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "आता हे बघा. दिवसा आपल्या देशात उन्हाची वीज भरपूर आहे. तिकडे मआनला मैलोगणती पत्रे लावलेत. पण सूर्य मावळला की ते झोपतात, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे लागतात, पंखे, टीव्ही, सगळं. मग बाहेरून आणलेला गॅस जाळून वीज करावी लागते. आपल्या टेकडीवरचा वारा त्याच वेळेला येतो. शेजारच्या टेकड्यांवर थोडा आधी पडतो, आपल्याकडे सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो. मी दोन्ही संध्याकाळी वर बसून घड्याळ लावून पाहिलं. या एका जागेवरून कितीतरी गावांची संध्याकाळ निघेल, बाबा. धूर न होता."

"आणि आपला मसूर?"

"खालच्या पट्टीवर दुसरं खळं करू. वारा निम्मा मिळेल. दुप्पट वेळ उपणावं लागेल." तिने पाव मोडला आणि खाल्ला नाही. "मला वाईट वाटणार आहे. वर गेले की आईच दिसते मला. पण माझं उत्तर हो आहे. एकच अट. यंदाचा मसूर तिथेच उपणायचा, मगच त्यांनी खणायला यायचं. मी स्वतः सांगेन रमझीसाहेबांना."

मुतलकने मान हलवली. जीव भांड्यात पडला असं म्हणावं तर तसंही नव्हतं. खळं गेलं, आता खरंच गेलं, आणि ते त्याला त्या घडीला पहिल्यांदा जाणवलं. त्याने चहाचा घोट घेतला.

"तुम्ही शब्द दिलात म्हणून हो म्हणत नाहीये मी," नौफा म्हणाली. "हे लक्षात ठेवा."

"ठेवलं."

मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. विंचरलेली दाढी, कोरा सदरा, गळ्यापर्यंत आवळलेला झगा, कपाळावरचा घाम.

"सही दुपारी आहे ना?" तिने विचारलं. "मग सकाळपासून हे काय घालून बसलात?"

मुतलकने पेला खाली ठेवला. "तू नाही म्हणाली असतीस तर अबू गालिबकडे जायचं होतं. शब्द परत मागायला. असल्या कामाला माणसाने नीट कपडे घालून जावं."

हातातला पाव नौफाने ताटात ठेवला, उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यांवरून झगा हळूच उतरवून घेतला. तो घडी करून तिने छातीशी धरला.

"चहा प्या, बाबा," ती म्हणाली. "उन्हात कुठे जायचं नाहीये आता."